हरळी, पवनेचे पाणी आणि कॅमेऱ्याची नजर

हरळी हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी क्वचितच कौतुकाने येतो. काळ्या रानात ती एकदा शिरली की नांगरट, कुळवणी, खुरपणी सारे करूनही तिच्या काड्या मातीखाली उरतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा डोके वर काढतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांपैकी कित्येकांनी दुसऱ्याच्या रानात नांगरामागे रोजाने हरळी वेचली आहे. हीच हरळी, वनस्पतिशास्त्रातील सायनोडॉन डॅक्टिलॉन, गोल्फच्या मैदानावर मात्र मानाने नांदते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतील एका बारीक पानाच्या भावंडाशी संकर घडवून आणला. त्यातून टिफग्रीन, टिफवे यांसारख्या मैदानी जाती निर्माण झाल्या आणि उष्ण प्रदेशांतील गोल्फच्या मैदानांवर त्या पसरल्या. जे गवत बांधावर फेकले जाते, त्याच गवताच्या संकरित नातवंडांना रोज पाणी, आठवड्याला खत आणि आता पहाऱ्याला कॅमेरा मिळतो.

या कॅमेऱ्याविषयी, म्हणजे गवताचे आरोग्य छायाचित्रांवरून ओळखण्याच्या तंत्राविषयी, प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. गोल्फ हा आपल्या वस्तीतील खेळ नव्हे, मग स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की मैदाने, कंपन्यांची आवारे आणि सोसायट्यांच्या बागा राखणारे हात बहुतांशी आपल्याच घरांतले आहेत. आमच्या पालकांत माळीकाम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक कंत्राटी आहेत. दुसरे कारण पाण्याचे आहे.

पुणे परिसरात १८ खळग्यांची दोन मोठी गोल्फ मैदाने सर्वांना ठाऊक आहेत : एक येरवड्याचे, दुसरे बावधन-लवळ्याच्या टेकड्यांमधले. पिंपरी-चिंचवडला लागूनच, द्रुतगती मार्गाच्या कडेला गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. तेथे खेळ निराळा असला तरी हिरवळीची गरज तीच आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, त्यांत गहुंजेचेही होते. पुढे २०१८ मध्ये चेन्नईच्या संघाचे सामने गहुंजेला आले, तेव्हा मैदानासाठी पवनेचे पाणी घेण्यास याच न्यायालयाने मनाई केली. पवनेचे पाणी हा आपल्या भागात नुसता हिशेबाचा विषय नाही. धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहरात राहणाऱ्या आपल्याला तरी ते पाणी पुरते आहे काय? नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पिंप भरून ठेवण्याची सवय त्यानंतरच्या मुलांना जन्मापासूनच लागली.

गवत किती पाणी पिते, याचा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी पसरले तर ते १०,००० लिटर होते, म्हणजे आपल्या गल्लीत येणारा एक मोठा टँकर. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हरळीच्या जातीच्या हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू, आणि एखाद्या मैदानाचा भिजवावयाचा भाग २० हेक्टर मानू. दिवसाचे १०० टँकर झाले. १० लाख लिटर. नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण आपल्या देशात धरले जाते. त्या मापाने हे सुमारे ७,४०० माणसांचे पाणी आहे. मैदानाने सांडपाणी शुद्ध करून वापरले तर नदीवरचा भार हलका होतो, आणि तसे व्हावे हेच योग्य. पण शुद्ध केलेल्या पाण्यालाही पंपाची वीज लागते, आणि ते पाणी उद्योगाला किंवा बांधकामाला देता आले असते, हा प्रश्न उरतोच. या १०० टँकरपैकी २५ टँकर अशा जागी पडत असतील की जिथे त्या दिवशी गरजच नव्हती, तर ती उधळपट्टी जवळजवळ १,८५० माणसांच्या वाट्याइतकी होते. कॅमेऱ्याचे खरे काम या २५ टँकरांच्या शोधाचे आहे.

आता तो पाहतो कसा, हे पाहू. चाकण, भोसरी, तळवडे येथील कंपन्यांत रात्रपाळीला सुरक्षारक्षक म्हणून काम केलेल्यांनी एक गोष्ट हमखास पाहिली असेल. रात्री प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र कृष्णधवल होते आणि त्यात झाडांची पाने चुन्याने रंगवल्यासारखी पांढरी दिसतात. भिंत करडी, रस्ता करडा, पण कडुनिंब पांढरा. याचे कारण असे की अंधार पडल्यावर तो कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश टाकतो आणि त्यातच चित्र घेतो. जिवंत पान हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९१० साली अशी पांढऱ्या झाडांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. त्या परिणामाला आजही त्याचे नाव आहे. आपल्या घरातही याची झलक पाहता येते. दूरचित्रवाणीच्या रिमोटचे टोक मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्याला काही दिसत नाही, पण पडद्यावर फिकट जांभळट ठिपका लुकलुकतो. सगळ्याच मोबाईलमध्ये तो दिसेल असे नाही, कारण हा प्रकाश अडवणारी एक पातळ गाळणी कॅमेऱ्यात बसविलेली असते आणि काहींत ती अधिक कडक असते.

पान हिरवे दिसते, कारण त्यातील हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खाते आणि हिरवा थोडासा सोडून देते. तांबडा प्रकाश हे पानाचे जेवण समजावे. निकट-अवरक्त प्रकाशाचा त्याला अन्न तयार करण्यास उपयोग नाही, म्हणून पानातील पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो इकडून तिकडे विखरून बाहेर टाकतात. निरोगी हिरवळ तांबडा प्रकाश फार थोडा आणि निकट-अवरक्त जवळजवळ निम्मा परत पाठवते. पान उपाशी, तहानलेले किंवा रोगट झाले की हरितद्रव्य घटते, तांबडा प्रकाश अधिक परततो. पेशींची रचना ढासळते किंवा गवत विरळ होऊन खालची माती डोकावू लागते, तेव्हा निकट-अवरक्त कमी होतो. दोन बाजूंनी एकमेकांकडे सरकणाऱ्या या दोन आकड्यांतच गवताची नाडी आहे.

त्यासाठीचे गणित आठवीच्या मुलालाही जमते. निकट-अवरक्तातून तांबडा वजा करावा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागावे. एक हिरवागार चौकोन ५० टक्के निकट-अवरक्त आणि ५ टक्के तांबडा प्रकाश परत देत असेल, तर ४५ भागिले ५५, म्हणजे ०.८२. शेजारचा मलूल चौकोन ३५ आणि १२ देत असेल, तर २३ भागिले ४७, म्हणजे ०.४९. उघडी माती २५ आणि १८ देईल, तर ०.१६. या संख्येला इंग्रजी आद्याक्षरांवरून एनडीव्हीआय म्हणतात. १९७२ साली अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडल्यानंतर टेक्ससमधील जॉन राऊज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विस्तीर्ण गवताळ प्रदेशांसाठी ती वापरात आणली. म्हणजे जगभर पिकांसाठी आज वापरले जाणारे हे माप मुळात गवतासाठीच रूढ झाले. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी उपग्रहाच्या चित्रांवर जे काम चालले आहे, त्याच्या मुळाशीही पानांवरून परतणारा हाच प्रकाश आहे.

येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. प्लास्टिकचे हिरवे गवत डोळ्याला फसवते, या कॅमेऱ्याला सहसा फसवत नाही, कारण प्लास्टिकच्या पात्यात हरितद्रव्य नसते. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाने झाकलेल्या तोफा आणि खरी झाडी यांतील भेद ओळखण्यासाठी अवरक्त फिल्म वापरली गेली, ती याच तत्त्वावर.

एनडीव्हीआयला एक मर्यादा आहे. हिरवळ फार दाट झाली की आकडा ०.८ च्या आसपास येऊन अडकतो. चांगले आणि उत्तम यांत फरक दाखवीत नाही. गोल्फच्या मैदानाला नेमका तोच फरक हवा असतो. म्हणून तांबड्याच्या आणि अवरक्ताच्या सीमेवरचा, ज्याला तांबडी कड म्हणता येईल असा पट्टाही काही कॅमेरे टिपतात. नत्राची कमतरता त्यात लवकर उमटते.

पाण्यासाठी मात्र उष्णतेचा कॅमेरा अधिक बोलका. माठातले पाणी का गार होते, हे आपल्याला ठाऊक आहे : बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जाते. गवताचे पातेही असाच एक माठ आहे. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते तोवर भर दुपारीही पाते थंड राहते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की पाते आपली रंध्रे मिटून घेते, वाफ थांबते आणि पाते तापू लागते. हा ताप पान पिवळे पडण्याच्या आधीचा आहे. कोविडच्या काळात कंपन्यांच्या दारात कपाळाचा ताप पाहणारे कॅमेरे बसले होते, आणि विद्युत विभागात काम करणारे आमचे माजी विद्यार्थी पॅनेलमधील सैल जोड ज्याने शोधतात, तोच हा प्रकार; ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा उष्ण प्रकाश पाहणारा. पिकाच्या तापमानावरून त्याची तहान मोजण्याची पद्धत फिनिक्स येथील जलसंधारण प्रयोगशाळेत इडसो, जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. कान्सास राज्य विद्यापीठात हिरवळीवर ड्रोनने केलेल्या प्रयोगांत पाण्याचा ताण डोळ्यांना दिसण्याच्या आधीच अशा कॅमेऱ्यांत उमटल्याचे आढळले.

आता जुना माळी काय करतो, तेही सांगितले पाहिजे. तो संध्याकाळी हिरवळीवरून चालत जातो आणि मागे वळून पाहतो. पाणी भरपूर असलेले गवत पाय उचलताच उभे राहते. तहानलेल्या गवतावर पावलांचे ठसे तसेच राहतात, आणि त्याच्या हिरव्या रंगात निळसर-राखी झाक येते. जगभरच्या मैदानांवर ही कसोटी आजही चालते. कॅमेऱ्याची बढाई मारताना हे विसरले जाते की त्याची बरोबरी या माणसाशी आहे. कॅमेरा जिंकतो तो दोन बाबतींत : तो थोडे आधी सांगतो, आणि २० हेक्टर एका फेरीत पाहतो.

तो कुठे बसवावा, हा पुढचा प्रश्न. उपग्रहाची चित्रे सर्वांत स्वस्त. युरोपच्या सेंटिनेल-२ ची तर फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवी येतात. पण त्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो. गोल्फमध्ये ज्या मऊशार वर्तुळात खळगा असतो त्याला ग्रीन म्हणतात. तेथील गवत ३ ते ४ मिलिमीटर इतके खुरटे कापतात. ५०० चौरस मीटरची ग्रीन उपग्रहाच्या चित्रात जेमतेम पाच ठिपक्यांची. तिच्यावर पडलेला नाण्याएवढा रोगाचा डाग त्यात दिसणे शक्यच नाही, आणि पावसाळ्यात तर ढगांखेरीज काहीच दिसत नाही. ग्रीनकडे नेणाऱ्या लांब पट्ट्याला, ज्याला फेअरवे म्हणतात, ही चित्रे काही उपयोगाची. ड्रोन १०० मीटरवरून उडाला तर ठिपका काही सेंटिमीटरांवर येतो. परंतु आपला परिसर लष्करी आहे : लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, देहूरोडला आयुध निर्माणी, दिघी-खडकीला लष्कराच्या संस्था. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल, पिवळे, हिरवे विभाग ठरलेले असून तो नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संगणकीय व्यासपीठावर पाहता येतो. लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन भाड्याने देणाऱ्या तरुणांनीही तो पाहिलाच पाहिजे. आमच्या मते आपल्या भागात कॅमेरा गवत कापण्याच्या यंत्रावर किंवा उंच खांबावर बसविणे अधिक शहाणपणाचे. कापणीचे यंत्र ग्रीनवरून जवळजवळ रोज फिरतेच. त्याला दोन डोळे लावले की वेगळी फेरी नको आणि परवानगीही नको.

चाकणच्या वाहन कारखान्यांत जोडणीच्या पट्ट्यावर कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना येथे एक फरक लक्षात येईल. कारखान्यात दिवा ठरलेला, अंतर ठरलेले, दरवाजाचा आकारही ठरलेला. ओरखडा तेवढा शोधायचा. मैदानावर दिवा म्हणजे सूर्य, आणि तो क्षणभरही स्थिर नाही. सकाळी दव असते, दहाला झाडाची सावली पश्चिमेला, चारला पूर्वेला, मध्येच ढग. म्हणून प्रत्येक फेरीआधी किती प्रकाश परत फेकते हे माहीत असलेल्या करड्या पट्टीचे चित्र घ्यावे लागते आणि सारे आकडे तिच्या मापाने सुधारावे लागतात. हे न करता सोमवारचे चित्र गुरुवारच्या चित्राशी ताडून पाहणे म्हणजे दोन निरनिराळ्या तराजूंत तोललेल्या धान्याची तुलना करणे होय. फेरी शक्यतो भर दुपारच्या आसपास, एकाच वेळी व्हावी.

समजा, हे सर्व नीट पार पडले आणि नकाशावर एक तांबडा डाग उमटला. आता खरा प्रश्न सुरू होतो, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात बहुधा येथेच पान संपते. डाग 'कुठे' हे सांगतो. 'का' ते सांगत नाही.

तुषार सिंचनाचे एक नोझल कचऱ्याने बंद पडले असेल. मातीखाली हुमणीने मुळे कुरतडली असतील. उसाच्या आणि भुईमुगाच्या रानात जी हुमणी आपण शिव्या देत वेचतो तिचेच भाऊबंद हिरवळीखालीही राहतात, आणि त्यांनी खाल्लेली हिरवळ हाताने ओढली तर सतरंजीसारखी गुंडाळली जाते. लष्करी अळीने रात्रीत पाती खाल्ली असतील. खेळाडूंच्या बॅटरीवरच्या गाड्या एकाच वळणावरून जाऊन माती दगडासारखी दबली असेल. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातील क्षार साचले असतील. नत्र कमी पडले असेल. वडाची सावली वाढली असेल. हरळीला सावली मानवत नाही. किंवा बुरशी असेल : एक बुरशी नाण्याएवढे फिकट ठिपके पाडते, दुसरी हातभर रुंद तपकिरी चट्टे, तिसरी दमट गरम रात्री एका दिवसात पट्टेच्या पट्टे सडवते. (बुरशीविषयी आपल्या गावाला परकेपणा वाटू नये. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑरिओफंगिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले आणि १९६४ साली जगापुढे मांडले. वनस्पतींच्या रोगांसाठी ते वापरात आले. नेहरूनगरहून शाळेला येणाऱ्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते.)

या सर्व कारणांचा डाग नकाशावर सारखाच तांबडा. उपाय मात्र एकमेकांविरुद्ध. नोझल बंद असेल तर पाणी द्यायचे. बुरशीने सडत असेल तर पाणी तोडायचे. क्षार असतील तर एकदाच भरपूर पाणी देऊन ते खाली धुऊन काढायचे. माती दबली असेल तर पाणी वरच साचेल, तेथे आधी पोकळ दातांच्या यंत्राने भोके पाडावी लागतात. सर्वांत फसवा प्रकार अतिपाण्याचा आहे. मुळे पाण्यात बुडून राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात आणि पाणी ओढू शकत नाहीत. चिखलात उभे असूनही गवत तहानेने तापते. उष्णतेचा कॅमेरा ते 'तहानलेले' म्हणून दाखवतो, आणि त्याची तार थेट पाण्याच्या व्हॉल्व्हला जोडलेली असेल तर यंत्र आणखी पाणी सोडते. डाग आणखी तापतो, यंत्र आणखी पाणी सोडते. ज्या २५ टँकरांची बचत करायला निघालो होतो, त्यांत भरच पडते. म्हणून कॅमेरा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक माणूस असलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या माणसाचे काम कॅमेऱ्यापेक्षा जुने आहे. तो डागाच्या कडेला गुडघे टेकतो. मध्यावर नव्हे, कडेला, कारण रोग जिवंत असतो तो कडेला. खुरप्याने वीतभर खोल मातीचा एक तुकडा उचलतो. मुळे पांढरी की तपकिरी, किती बोटे खोल, माती हाताला ओली की कोरडी, वास कुजका की मातीचा, आत अळी आहे का, पात्यावर ठिपका आहे का, हे पाहतो. पाच मिनिटांचे काम आहे. पण ते ज्याला येते त्याच्या हजेरीपुस्तकात 'अकुशल' असे लिहिलेले असते.

कंत्राटदाराने कॅमेरा बसविला की चार माळी कमी करता येतील, असा हिशेब कुठेतरी मांडला जाईलच. तो हिशेब तांत्रिकदृष्ट्याही चुकीचा आहे. चित्रांवरून रोग ओळखायला संगणकाला शिकवायचे, तर प्रत्येक डागापुढे खरे उत्तर लिहिलेले असावे लागते : हा डाग हुमणीचा, हा नोझलचा, हा क्षारांचा. ती उत्तरे प्रयोगशाळेत बसून मिळत नाहीत. ती खुरपे हाती घेतलेल्या माणसाकडून येतात, आणि शेकड्यांनी यावी लागतात. एका मैदानावर शिकलेले उत्तर दुसऱ्या मैदानाच्या मातीत जसेच्या तसे चालतही नाही. तेव्हा जो माळी ही उत्तरे देतो तो संगणकाचा शिक्षक आहे, आणि ती नोंद त्याच्या नावावर व्हायला हवी. नकाशा त्याच्या मोबाईलवर, मराठीत यावा; डागाचे चित्र, त्याने काढलेल्या मातीच्या तुकड्याचे चित्र आणि त्याचे दोन ओळींचे निदान एकत्र साठावे; वर्षअखेरीस त्या नोंदींची प्रत त्याच्या हाती असावी. पुढच्या कंत्राटदाराकडे नोकरी मागताना ती प्रत कामी येईल. हे लिहून घेण्याचे काम आपल्या मुलांपैकी कुणी, जो शेतीची किंवा संगणकाची पदविका करीत आहे, सहज करू शकेल. घरात वडील माळी असतील तर अधिकच सहज.

शाळेच्या मैदानावर याची एक साधी आवृत्ती करून पाहण्याजोगी आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. सायकलच्या जुन्या पाच रिंगा गवतावर ठरलेल्या जागी ठेवाव्यात : एक नळाजवळ, एक कडुनिंबाखाली, एक खो-खोच्या खांबाशी जिथे माती दबलेली आहे, एक कुंपणाकडेला आणि एक मोकळ्या मध्यावर. दर शनिवारी दुपारी बारा वाजता, एकाच स्टुलावर उभे राहून, प्रत्येक रिंगेचे छायाचित्र घ्यावे. चित्राच्या कोपऱ्यात एकच करडा पुठ्ठा दिसला पाहिजे. संध्याकाळी त्याच रिंगेत पाऊल उमटवून, गवत उठायला किती मिनिटे लागली ते घड्याळावर पाहून वहीत लिहावे. साध्या मोबाईलला अवरक्त दिसत नाही, तरी हिरव्या ठिपक्यांची टक्केवारी संगणकावर मोजता येते आणि ती पावलाच्या मिनिटांशी किती जुळते हे मुलांना स्वतःच शोधता येते. जून ते मार्च अशी वही पुरी झाली तर तिच्यात एक पावसाळा, एक थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात येते. चाकण-भोसरीत कॅमेरा तपासणीच्या विभागात असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला कारखान्याच्या परवानगीने जुना, गाळणी काढता येण्याजोगा कॅमेरा देता आला, तर सहावी रिंग त्याच्यासाठी राखून ठेवता येईल. ती स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी जिथे जिरते तिथे ठेवावी, असे आम्हाला वाटते. तेथील गवत बाराही महिने सर्वांत हिरवे दिसते, आणि त्याची मुळे कशी आहेत हे अद्याप कुणी उकरून पाहिलेले नाही.